पहिली ओटी

आमच्या ह्यांचा कुणावरही विश्वास नाही. दूधवाला पाणी घालतो, रिक्षाचा मीटर पळतो, सोसायटीचा सेक्रेटरी रंगाऱ्याला सामील आहे आणि शेजारचे गृहस्थ आमचा पेपर आधी वाचून मग दारात सरकवतात, ही सगळी त्यांची पक्की मतं. हे म्हणजे माझे यजमान, त्र्यंबक सबनीस. सरकारी खात्यात लेखापरीक्षक होते. लोक निवृत्त झाले की कुंड्या लावतात, ह्यांनी लोकांची तपासणी चालू ठेवली. मला हसायला जागा नाही, कारण इतक्या वर्षांच्या संसारात मीही बऱ्यापैकी तशीच झालेय. फरक एवढाच, की हे बोलून दाखवतात आणि मी मनात ठेवते.

घर आमचं ठाण्यात, नौपाड्यात. पण सबनिसांची देवी करंजगडावर. शीळफाटा ओलांडून काटई नाक्यावरून बदलापूरच्या रस्त्याला लागलं की डोंगराची रांग दिसते, तिच्यातलाच एक बुटका डोंगर. गड म्हणायचा तो सवयीनं. दरवाजाची एक बाजू उभी आहे, दुसरी पायऱ्यांवर पडलीय. तटातून पिंपळ उगवलेत, एक तोफ अर्धी मातीत आहे आणि पाण्याचं टाकं तेवढं शाबूत आहे. मधोमध करंजाईचं काळ्या दगडाचं देऊळ. त्याचा मागचा भाग कधीच ढासळला, तिथे आता पत्रे घातलेत. पण गाभारा मजबूत आहे आणि आत करंजाई मोठ्या डोळ्यांनी बघत बसलेली असते.

आमचे पूर्वज या गडाचे सबनीस, म्हणजे हिशेब ठेवणारे. गड गेला, कोठारं गेली, हिशेबही गेले. राहिला तो मान. चैत्रातल्या अष्टमीला करंजाईची पहिली ओटी सबनिसांच्या घरची. ती भरल्याशिवाय गावातल्या बायका आपल्या ओट्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाहीत. ह्यांचा देवावर फारसा विश्वास आहे असं मला कधी वाटलं नाही, पण या मानावर मात्र आहे. घरात एकादशीला बटाटेवडा खातील, पण अष्टमीचा गड चुकवणार नाहीत. एका वर्षी ताप अंगात घेऊन चढले होते.

आता घरातली दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचा साकेत बंगळूरला असतो. आणि मैथिली, आमची मुलगी, ठाकुर्लीला. तिचं नाव आमच्या घरात सहा वर्षं निघालेलं नाही. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत ती होती तिथल्याच सूरजशी तिनं लग्न केलं. मुलगा आपल्यातला नाही, एवढंच कारण. बाकी ह्यांनी त्याची सगळी चौकशी केली आणि ह्यांना एकही खोट सापडली नाही, यावरूनच मुलगा किती चांगला असेल ते समजा. तरी हे लग्नाला गेले नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी म्हणाले, आजपासून हे नाव या घरात नको. मी नाव घेतलं नाही. पण संध्याकाळी हे तलावपाळीला फिरायला गेले, की मी स्वयंपाकघराचं दार लोटून तिला फोन करते. फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आई, बाबा फिरायला गेले ना?" मग आम्ही बोलतो.

गेले दोन-तीन महिने ती नीट बोलत नव्हती. नंतर करते म्हणायची आणि करायची नाही. आवाज थकलेला वाटायचा. मी आईच, त्यातून सबनिसांच्या घरातली. मनात नाही नाही ते आलं. सूरजशी बिनसलं असेल का, नोकरी गेली असेल का, काही दुखणं लपवतेय का. विचारलं की म्हणायची, "तसं काही नाही गं." तसं काही नाही म्हणजे काहीतरी आहेच, हे मला कुणी शिकवायला नको.

तर यंदाची अष्टमी. उन्हाआधी चढायचं म्हणून आम्ही लवकर निघालो, पण शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि पायथ्याशी पोचेस्तोवर चांगलंच उजाडलं होतं. गाडी लावून आम्ही चढायला लागलो. पहिल्या वळणावरच हे थांबले आणि वाकून काहीतरी बघायला लागले. लिंबाच्या गोळीचा पिवळा कागद होता. थोडं वर गेल्यावर आणखी एक. त्याच्या पुढच्या कातळावर पाणी सांडल्याचा ओला डाग.

हे म्हणाले, कुणीतरी आपल्या आधी चढलंय आणि ठिकठिकाणी बसत गेलंय. मी म्हटलं, ती गड साफ करणारी मुलं असतील. दर रविवारी कल्याण-डोंबिवलीची पोरं येतात, टाक्यातला गाळ काढतात आणि कचरा करू नका अशी पाटी लावून जातात. ह्यांना तेही पटेना. पाट्या लावणारी मुलं कागद टाकतील का, असं म्हणत त्यांनी तो कागद खिशात ठेवला. मलाही जरा चमत्कारिकच वाटलं. आज रविवार नव्हता.

देवळात शिरलो आणि हे उंबऱ्यातच उभे राहिले. मी मागून डोकावले. करंजाईची ओटी भरलेली होती. हिरवा कोरा खण, त्यावर नारळ, बाजूला मोगऱ्याचा गजरा आणि कपाळावर ताजं कुंकू. काल-परवाची नव्हे, आजची. गजरा अजून टवटवीत होता.

मला आधी ह्यांच्याकडे बघायची भीती वाटली. मग बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. ह्यांच्या आजोबांच्या आजोबांपासून जे कधी झालं नाही ते झालं होतं, आणि तेही ह्यांच्या हयातीत.

शकू गुरवीण टाक्यावरून कळशी घेऊन येत होती. नवरा गेल्यापासून देवीची पूजा तीच करते. ओटी बघून तिनंही कळशी खाली ठेवली. ह्यांनी तिची तपासणी सुरू केली. कोण आलं होतं, तू कुठे होतीस, देऊळ उघडं का ठेवलंस. ती म्हणाली, पूजा करून ती टाक्यावर गेली होती, मग भांडी घासली, मग परत पाणी भरलं. देवळाला कुलूप कधी नव्हतंच. तिनं कुणाला पाहिलं नव्हतं. बोलताना ती पदराला हात पुसत होती आणि ते हात केव्हाच कोरडे झाले होते, हे मी पाहून ठेवलं.

तेवढ्यात महिपत आला. खालच्या वाडीतला महिपत म्हणजे ह्यांचा जुना वैरी, म्हणजे ह्यांच्या बाजूनं. त्याच्या वडिलांनी एकदा भर उत्सवात म्हटलं होतं, वर्षभर देवीला आम्ही पाणी घालायचं, वणवा आम्ही विझवायचा, आणि पहिली ओटी ठाण्याहून येणार, हा कुठला न्याय. तेवढं एकदाच बोलले, पण आमच्या घरात ते वाक्य पिढीजात झालं. महिपत दरवर्षी केळीची पानं घेऊन येतो, हसून बोलतो आणि हे त्याच्या हसण्यावरही संशय घेतात.

आज त्यानं ओटीकडे पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "भाऊ, सकाली एक पोरगी आन् तिचा घरवाला आल्ते. स्कूटर खाली लावलेली. पोरगी लय हळू चढत व्हती, दर दहा पावलाव बसत व्हती. उतरताना मीच माझी काठी दिली तिला."

ह्यांनी विचारलं, कुठली पोरगी, नाव काय. महिपतला माहीत नव्हतं. नाव विचारायचं कशाला, देवीला आलेली बाई. हे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, ऐकलंस, गोष्ट रचून आणलीय. मला खरं सांगायचं तर तसंच वाटलं. अनोळखी जोडपं एवढ्या सकाळी गड चढतं, नेमकी अष्टमी गाठतं, नेमकी शकू नसताना ओटी भरतं आणि निघून जातं, हे जरा जास्तच जुळत होतं. महिपतच्या घरात नवी सून आली होती, हे मला मागच्या वर्षीच कळलं होतं. तिच्याच हातून भरवली असेल ओटी. काठी मात्र त्याच्या हातात खरंच नव्हती.

मग ह्यांनी ते म्हटलं, ज्याची मला धास्ती होती. "शकू, गाऱ्हाणं घाल."

करंजगडावर तळकोकणासारखं गाऱ्हाणं घालतात. शकूच्या सासरचे मूळचे तिकडचे, त्यांनीच ती पद्धत आणली म्हणतात. गुरव देवीपुढे नारळ ठेवून आपलं म्हणणं मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला होकार देतात. दुपारी नैवेद्य झाला की तो नारळ फोडतात, आणि मग मागितलेलं देवीच्या हाती गेलं, असं समजतात. आम्ही दरवर्षी घालतो, पण ते सुखी ठेव, राखण कर असलं. कुणाच्या विरुद्ध घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

शकू तयार होईना. नाव ठाऊक नसताना घातलेलं गाऱ्हाणं कुणाच्या घरी जाऊन बसेल ते आपल्या हातात नसतं, असं ती म्हणाली. हे म्हणाले, ज्यानं केलं नाही त्याला घाबरायचं कारण काय, आणि बोलताना महिपतकडे बघत राहिले. महिपत चपला काढून आत येऊन उभा राहिला.

शकूनं नारळ ठेवला आणि सुरुवात केली. माये करंजाई, डोंगराच्या राखणदारणी, सबनिसांचं लेकरू आज तुझ्या पायरीशी आलंय महाराजा. महिपत म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याचा मान आज कुणी दुसऱ्यानं घेतला महाराजा. "व्हय म्हाराजा." ज्यानं घेतला त्याला तुझ्या पायाशी आणून उभा कर महाराजा.

इथे ह्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, एवढंच नाही. मी सांगतो तसं म्हण. "ज्यानं आमचं पहिलं घेतलं, त्याच्या घरी जे पहिलं येईल ते त्याला लाभू देऊ नकोस."

"दादा, असं नका मागू," शकू म्हणाली.

ह्यांनी पुन्हा तेच वाक्य, तसंच्या तसं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं लिहिलेला माणूस, शब्द बदलणार नव्हता. मी दंडाला हात लावला, तो त्यांनी झटकला. शकूनं मान खाली घालून ते शब्द पुटपुटले. महिपत सावकाश म्हणाला, "व्हय म्हाराजा." हे बाहेर आल्यावर मला म्हणाले, बघ, किती निर्ढावलेला आहे.

आमची ओटी भरण्याआधी ती परकी ओटी उतरवायला हवी होती. शकू तिला हात लावेना. मानाच्या घरची बाई म्हणून ते माझ्याकडे आलं. ह्यांनी बाहेरूनच सांगितलं, खणावर कुठल्या दुकानाचा शिक्का आहे बघ, म्हणजे माग काढता येईल. मी ओटी उचलली, सभामंडपात खांबाला टेकून बसले आणि गाठ सोडली. माझीही उत्सुकता काही कमी नव्हती.

तांदूळ होते. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, खोबऱ्याची वाटी. सगळं नीट, कुणीतरी शिकवलेल्या हातानं भरलेलं. खणावर शिक्का नव्हता. मी तांदळात बोटं घातली आणि तळाशी काहीतरी खरखरीत लागलं. बाहेर काढलं तर वेखंडाचा तुकडा.

ओटीत वेखंड कुणी घालत नाही. कुठल्याही घरात घालत नाहीत. फक्त आमच्या घरात घालतात, आणि तेही दरवर्षी नव्हे.

मी सबनिसांच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला एकदा मागच्या खोलीत बसवून सांगितलं होतं. घरातल्या लेकीला किंवा सुनेला दिवस गेले, की ती बातमी आधी करंजाईला सांगायची, मग माणसांना. आईलासुद्धा नंतर. त्या वर्षीची पहिली ओटी तिनंच भरायची, घरच्या मोठ्या बाईच्याही आधी, आणि तांदळाच्या तळाशी वेखंडाचा तुकडा ठेवायचा. करंजाई बाळंतीण आहे, तिला तेवढ्यावर कळतं. पुरुषांना यातलं काही सांगायचं नाही. साकेतच्या वेळी मी तशी ओटी भरली, मैथिलीच्या वेळी भरली. आणि मैथिली कॉलेजात गेली तेव्हा मी तिला हे मागच्या खोलीत बसवून सांगितलं. आणखी कुणालाच नाही. सासूबाई गेल्यानंतर हे जगात फक्त दोन बायकांना ठाऊक होतं.

लिंबाच्या गोळ्या. दर दहा पावलांवर बसणं. महिपतची काठी. फोनवरचा थकलेला आवाज आणि नंतर करते, नंतर करते. माझी लेक मला काही लपवत नव्हती, मीच शिकवलेली रीत पाळत होती. वेडी पोर, पोटात बाळ घेऊन त्या पडक्या पायऱ्या चढून आली, आणि आम्ही यायच्या आत निघून गेली, कारण बापाच्या समोर उभं राहायची सोय नव्हती. मला एवढा आनंद झाला की रडू आलं, आणि डोळे पुसायच्या आधीच मी उठले. कारण नारळ देवीपुढे होता आणि मघाचे शब्द त्याच्यावर होते. पहिलं जे येईल ते लाभू देऊ नकोस.

हे तोफेपाशी उभे होते. मी सगळं सांगितलं. नाव घेऊनच सांगितलं, सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर.

ह्यांचा पहिला प्रश्न असा, की मैथिली ठाकुर्लीला राहते, तिचा आवाज थकलेला असतो, हे मला कसं ठाऊक. म्हणजे मी तिच्याशी बोलते की काय. मी म्हटलं, हो, तुम्ही तलावपाळीला गेलात की रोज. हे म्हणाले, ठीक आहे, पण मान तर घेतलाच ना तिनं. कुणी का असेना.

तेव्हा माझा तोल गेला. "घेतला कसा? ती परकी असेल तर तुमचा मान आज गेला. घरची असेल तर तो घरातच आहे, आणि यंदा तो तिचाच होता. दोनातलं एक काय ते ठरवा. आणि नारळ फुटायच्या आत ठरवा."

"ही रीतभात मला आईनं कधी सांगितली नाही," ते म्हणाले.

"बायकांचं आहे ते. पुरुषांना सांगत नाहीत."

"मग तू आत्ता हे रचत नाहीस कशावरून?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्यांना ओळखते. हा प्रश्न ते मला छळायला विचारत नव्हते. त्यांना खरंच दुसरं काही विचारता येत नव्हतं. सासूबाई नाहीत, लिहून ठेवलेलं काही नाही, साक्षीला कुणी नाही. मी म्हटलं, पुरावा नाही. या वेळी तुम्हाला नुसता विश्वास ठेवावा लागेल. आणि मुठीतला वेखंडाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, बनावट तर नाही ना अशा नजरेनं. मग सवयीनं नाकाशी नेला. आणि तिथेच थांबले.

मैथिली लहानपणी फार सर्दाळू होती. तिला न्हाऊ घातलं की टाळूवर वेखंडाची पूड चोळायची, आणि ते काम ह्यांचं होतं. माझा हात जोरात बसतो असं त्यांचं म्हणणं. ऑफिसला जायच्या आधी, शर्टाच्या बाह्या वर करून, मांडीवर पंचा पसरून हे ती पूड चोळत बसायचे, आणि दिवसभर ह्यांच्या हाताला तो वास यायचा. ऑफिसातले लोक हसायचे म्हणून सांगायचे. डोळे भरून आलेला माणूस समोर असला की बायकोनं दुसरीकडे बघावं, एवढी रीत मला ठाऊक आहे.

मग म्हणाले, "चढली कशी गं ती एवढं?" आणि देवळाकडे चालायला लागले. पायऱ्यांवर दोनदा ठेचकाळले.

शकू नैवेद्याचं ताट वाढत होती. गाऱ्हाणं माघारी घ्यायचंय म्हटल्यावर तिनं ताट बाजूला ठेवलं. माघारी घेता येतं, पण ज्यानं घातलं त्यानंच घ्यावं लागतं, आणि ज्याच्यावर घातलं त्याचं नाव आणि नातं देवीपुढे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, असं ती म्हणाली. महिपत बाहेर पानं पुसत बसला होता. हे त्याला हाक मारणार नाहीत असं वाटून मीच उठायला गेले, तर ह्यांनी मला थांबवलं आणि स्वतः बाहेर गेले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. महिपत पंच्याला हात पुसत आत आला.

शकूनं नारळावर हात ठेवला. माये, मघाशी जे मागितलं ते अजाणता मागितलं महाराजा. "व्हय म्हाराजा." ज्याच्यावर मागितलं ते कोण म्हणशील तर, असं म्हणून ती ह्यांच्याकडे बघायला लागली.

मला वाटलं, आता हे मागे वळतात. सहा वर्षं ज्या शब्दाला दार बंद होतं तो असा पटकन कसा येणार. माझ्या जिभेवर नाव होतं, पण माझं चालणार नव्हतं. मी पदर तोंडात धरला. महिपत आपल्या पायांकडे बघत उभा होता.

"मैथिली," हे म्हणाले. मग घसा साफ करून, मोठ्यानं, "मैथिली. माझी मुलगी. आमच्याच घरची."

"व्हय म्हाराजा," महिपत इतक्या मोठ्यानं म्हणाला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

शकूनं नारळ उचलून ह्यांच्या हातात परत दिला. मी सोडलेली ओटी पुन्हा बांधली. वेखंडासाठी हात पुढे केला, तेव्हा ह्यांनी तो तुकडा क्षणभर मुठीत धरून ठेवला आणि मग दिला. तो मी होता तसा तांदळाच्या तळाशी ठेवला. हे म्हणाले, आधी तिची भर, मग आपली. मी मैथिलीची ओटी करंजाईच्या ओटीत घातली आणि तिच्यानंतर माझी. सबनिसांच्या घरची मोठी बाई झाल्यापासून मी पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर आले, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू.

प्रसाद झाला. महिपतनं विचारलं, काठी कधी परत मिळेल. हे म्हणाले, आणून देऊ, आम्ही स्वतः आणून देऊ. मग परत तोफेपाशी जाऊन उभे राहिले. मीही गेले. खाली ऊन तापलं होतं आणि लांब कल्याणकडच्या इमारती धुरकट दिसत होत्या.

"कितवा असेल?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला कुठे सांगितलंय तिनं. तुम्हीच विचारा. गडावर फोनला रेंज येते ती फक्त या तोफेपाशी. मी तिचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, चोरीचा माल असल्यासारखा, अंगाला लागू नये तसा. रिंग बराच वेळ वाजली. मग तिनं उचलला, आणि तिचा आवाज मलाही बाहेर ऐकू आला.

"हं, बोल आई. बाबा फिरायला गेले ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी, सहा वर्षं, मी स्वयंपाकघराचं दार लोटून हेच ऐकत होते, आणि आज ते पहिल्यांदा ऐकत होते. फोन धरलेला हात खाली यायला लागला. मी तो परत कानापर्यंत नेला.

"नाही गेले," हे म्हणाले. "इथेच आहेत."